नागेंद्ररावांच्या खिशातलं वजन

वादिराजनं आपल्या कॉफी क्लबला कुलूप लावलं आणि तो तीन महिन्यांसाठी मुलीकडे मेलबर्नला निघून गेला. त्या दिवशी नागेंद्ररावांना पहिल्यांदाच आपण रिटायर झालोय असं वाटलं. खरं तर त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. पण लष्कर मोहल्ल्यातल्या त्या सहा टेबलांच्या क्लबात रोज सकाळी सातला जाऊन बसलं की ड्युटीवर असल्यासारखं वाटायचं.

घरी कॉफी होत नव्हती असं नाही. कमलाक्षीबाई करायच्या. पण ती प्याल्यावर माणूस थोडा वेळ कुणाशी बोलत नसे. काळीकुट्ट, कोमट आणि तळाशी चिखल. चौतीस वर्षांच्या संसारात नागेंद्ररावांनी त्या कॉफीबद्दल ब्र काढला नव्हता. "सुम्ने वॉकिंग करून येतो," म्हणायचे आणि स्कूटरला किक मारायचे. सुम्ने म्हणजे उगाच, सहज. म्हैसूरच्या मराठी घरांत हा कन्नड शब्द मिठासारखा सगळीकडे पडलेला असतो. स्कूटरवरून वॉकिंग कसं होतं, हे कमलाक्षीबाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

क्लब बंद झाल्यावर चार दिवस नागेंद्ररावांनी घरची कॉफी सोसली. पाचव्या दिवशी भाचीला, मेघाश्रीला, गच्चीवरून हळू आवाजात फोन केला.

"मामा, गोकुलमला जा की! तिथं गल्लीला दोन कॅफे आहेत. योगा शिकायला फॉरेनर येतात ना, त्यांच्यामुळं."

नागेंद्रराव गेले. पहिल्याच कॅफेत कार्डावर लिहिलं होतं : संत्र्याची साल, गूळ, ओली माती.

"हे सगळं कॉफीत घालता?" त्यांनी विचारलं.

"नाही अंकल, कॉफीला तशी चव येते."

"मग कॉफीची चव कशाला येते?"

पोरगा विचारात पडला तो पडलाच. नागेंद्रराव हळूच उठून बाहेर आले.

दुसऱ्या ठिकाणी खुर्च्याच नव्हत्या. चटईवर बसायचं. शेजारी एक गोरी बाई डोळे मिटून बसली होती. इथं कॉफीआधी असंच करत असतील, अशा समजुतीनं नागेंद्ररावांनीही डोळे मिटले. अर्ध्या तासानं जाग आली तेव्हा समोर बिनकानाच्या वाडग्यात कॉफी गार पडली होती आणि गुडघे धरले होते. शेवटी त्या बाईनं आणि तिच्या मित्रानं दोन्ही काखांत हात घालून, "श्वास सोडा, श्वास सोडा," करत त्यांना उभं केलं.

तिसरं ठिकाण विश्वेशचं. तिशीतला, अंबाडा बांधलेला पोरगा. त्यानं काउंटरवर एक चिमुकला इलेक्ट्रॉनिक काटा मांडला, त्यावर कागदाची गाळणी ठेवली आणि कॉफीची पूड मोजून घेतली. काटा बघताच नागेंद्ररावांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. तेहेतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पेट्रोल पंप, सोनार, उसाच्या गाड्यांचे मोठे काटे, काही म्हणून सोडलं नव्हतं. निरोपसमारंभाला सहकाऱ्यांनी दिलेलं पन्नास ग्रॅमचं जुनं पितळी वजन ते शर्टाच्या खिशात बाळगत. लोक देवाचा फोटो ठेवतात तसं.

"हा काटा शेवटचा कधी तपासून घेतला होता?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. आवाजही तोच, जुना.

"क... काय सर?"

नागेंद्ररावांनी खिशातलं वजन काढून काट्यावर ठेवलं. आकडा आला अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ.

"एक पूर्णांक एक कमी दाखवतोय," ते मायेनं म्हणाले. "असू दे, असू दे."

विश्वेशचा चेहरा गाळणीच्या कागदासारखा पांढरा झाला. त्यानं पुन्हा नव्यानं कॉफी केली आणि मोठ्या कपात काठोकाठ भरून आणली. पहिल्या घोटाला आंबट लागली, दुसऱ्याला बरी, तिसऱ्याला चक्क छान. नाव विसरू नये म्हणून नागेंद्ररावांनी छोटी वही काढली आणि त्यात कॅफेचं नाव लिहून घेतलं. तिथंच घात झाला.

तासाभरात गोकुलमच्या कॅफेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप गेला : "वजनमापेवाले फिरतायत. साधा वेश. जुनी निळी स्कूटर. खिशात पितळी वजन. वहीत नावं लिहितात!"

पुढचे तीन आठवडे नागेंद्ररावांना स्वर्ग दोन बोटं उरला. कुठंही जावं, मालक स्वतः उठून खुर्ची पुसणार. कप असे भरलेले की उचलायची सोय नाही, आधी वाकून ओठ लावायचे. वर्षिणी नावाच्या एका मालकिणीनं तर मोजपात्र त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "बघा सर, दूध बरोबर दीडशे मिली."

"आजकालची पोरं किती नम्र आहेत गं!" ते घरी येऊन म्हणाले.

"कुठली पोरं?" कमलाक्षीबाईंनी विचारलं.

"वॉकिंगमधली."

बाईंनी नवऱ्याच्या मिशीवरचा फेस बघितला आणि त्या भाजी निवडायला लागल्या.

मग एका रविवारी अकराच्या सुमाराला दाराची बेल वाजली. नागेंद्रराव आंघोळीला गेले होते. कमलाक्षीबाईंनी दार उघडलं, तर सहा तरुण माणसं रांगेत उभी. प्रत्येकाच्या हातात एकेक काटा, बारशाला बाळ धरावं तसा. घर शोधायला त्यांना दोन दिवस लागले होते. शेवटी निळ्या स्कूटरनंच दाखवलं.

"मॅडम, सगळे काटे दुरुस्त करून घेतलेत," विश्वेश कन्नडमध्ये म्हणाला. "सरांनी एकदा बघितले असते तर बरं झालं असतं. रात्री झोप लागत नाही."

"कुठले सर? आमचे हे?" बाई म्हणाल्या. "अय्यो, त्यांना रिटायर होऊन तीन वर्षं झाली!"

पायरीवरच्या सहाही जणांनी एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात आतून हाक आली, "कमला, टॉवेल दे गं! कोण आलंय?"

"तुमची वॉकिंगमधली पोरं!"

मराठी ऐकून विश्वेशनं डोळे विस्फारले. "तुम्ही मराठी? आमच्या घरी पण आजी बोलती. मला थोडं थोडं येतंय. आंटी, मी अंकलला लई भिऊन होतो हो!"

नागेंद्रराव धोतर सावरत बाहेर आले. सगळं ऐकून आधी ओशाळले, मग त्यांना हसू आवरेना. वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा, असा वर्षिणीनं हट्ट धरला. त्यांनी वही विश्वेशच्या हातात दिली. तो अडखळत मोठ्यानं वाचू लागला, "विश्वेश. चांगली. आंबट. परत जावे. वर्षिणी. दूध दीडशे मिली. का दाखवले, कळले नाही. घर." तो थांबला. "घर. देवा, नको."

आता नागेंद्रराव पांढरे पडले. कमलाक्षीबाई मात्र शांतपणे खुर्चीत बसल्या.

"मुद्दाम करत होते मी तशी," त्या म्हणाल्या. "चांगली केली असती तर तुम्ही सकाळचे घरातनं हलला असता का? चौतीस वर्षं तेवढा एक तास माझा असतो. तुम्ही गेलात की मी माझी करून पिते, झोपाळ्यावर बसून."

"चौतीस वर्षं?"

"लग्न झाल्यावर दुसऱ्या आठवड्यापासनं."

मग त्या आत गेल्या. काटेवाली मंडळी जमिनीवर बसली आणि नागेंद्ररावांनी पितळी वजन ठेवून एकेक काटा तपासला. दोन नापास झाले. तोवर स्वयंपाकघरातून असा वास आला की सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. बाईंनी आठ पेले आणले. वर जाड फेस, खाली दाट, तांबूस, कडक कॉफी. विश्वेशनं एक घोट घेतला आणि तो भिंतीला टेकून बसला. नागेंद्ररावांनी आपला पेला संपवला, बायकोचाही संपवला.

"आंटी, आठवड्यातनं एक दिवस माझ्याकडं येऊन हे असं कॉफीचं डिकॉक्शन करशील?" विश्वेशनं विचारलं. त्याच्या मराठीत अहो-जाहो अजून आलं नव्हतं.

बाईंनी विचार केला. "गुरुवारी येईन. पण यांना त्या दिवशी आत सोडायचं नाही."

आता दर गुरुवारी सकाळी गोकुलममध्ये विश्वेशच्या कॅफेबाहेर रांग लागते. समोरच्या गुलमोहराखाली एक निळी स्कूटर उभी असते. वर्षिणी आपल्या कॅफेतून पेला भरून आणते आणि स्कूटरवर बसलेल्या नागेंद्ररावांच्या हातात देते. ते एक घोट घेतात, समोरच्या रांगेकडे बघतात आणि वहीत लिहितात, "बरी आहे."