बैलांनी मांडलेली कंपनी

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मी इतका हसलो की उचकी लागली, आणि उचकी थांबावी म्हणून पाणी प्यायलो तर ते नाकात गेलं. समोरचं दृश्यच तसं होतं. आमच्या समुद्रपूरच्या शेतकरी कंपनीचे संचालक, इस्त्रीचे पांढरे शर्ट घातलेली भारदस्त माणसं, फरशीवर रांगत पोरांच्या लाकडी बैलांसाठी भांडत होती. भांडण मीच लावून दिलं होतं. नागपूरला मला याच कामाचा पगार मिळतो, फक्त तिथे बैल नसतात.

मी कंपन्यांचे नकाशे काढतो. इमारतींचे नाही, कारभाराचे. कोण काय करतं, कशासाठी करतं, कुणाचं काम कुणावाचून अडतं, हे सगळं एका चित्रात दिसलं पाहिजे. याला एंटरप्राइझ आर्किटेक्चर असं भारी नाव आहे. आई शेजारणींना सांगते, "कम्प्युटरात डबे काढते आन् डब्याले डबे जोडते." याहून नेमकं मलाही आजवर जमलेलं नाही.

वहिनींना मात्र हे काम चटकन कळलं, कारण त्यांना त्याची गरज होती. कंपनीची जाम गावच्या चौरस्त्याजवळ एक छोटी डाळमिल आहे. वहिनी आणि गावातल्या काही बायका मिळून ती चालवतात. कापसातली सरकी काढणारं जिनिंगही तिथेच, शेजारी. काही संचालकांच्या डोक्यात आलं होतं की मिल बंद करावी आणि त्या शेडमध्ये कापसाचं गोदाम करावं. सणाला सगळे गावात सापडतात म्हणून मीटिंग तान्ह्या पोळ्याची ठरली, आणि वहिनींना निरोप आला की येताना मिलची किल्ली घेऊन या. तो निरोप पोळ्याच्या सकाळी आला. वहिनी पुरणात गूळ घालायलाच विसरल्या. आम्ही सगळ्यांनी ती पोळी मुकाट्याने खाल्ली, दादाने तर दुसरीही मागून घेतली.

दुपारी वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भाऊजी, तुमी परक्यांचे एवढे नकाशे काढता. आमच्या कंपनीचा एक काढा ना. मिल बंद केली तं काय काय अडते, ते दिसू द्या या लोकाईले."

मी छाती फुगवून हो म्हटलं. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये संध्याकाळपर्यंत असा झकास नकाशा काढला की माझा मलाच मुका घ्यावासा वाटला. वजनकाटा, हिशेबाचा प्रोग्रॅम, सभासदांना जाणारे मोबाइलवरचे मेसेज, बँकेची जोडणी, सगळे निळे चौकोन आणि सुबक बाण.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, कंपनीच्या हॉलमध्ये तो प्रोजेक्टरमधून भिंतीवर पडला. संचालकांनी माना डोलावल्या. अध्यक्षांना सारं गाव काका म्हणतं. ते उठले, चष्मा कपाळावर चढवून भिंतीपाशी गेले आणि प्रत्येक चौकोनावर बोट टेकवून आले.

"यात तं मिल नाईच," ते म्हणाले. "तुमच्या दिरानंच सांगून टाकलं, सूनबाई. नकाश्यातच नाई, तं बंद केल्यानं काय बिघडते?"

मी भिंतीकडे पाहिलं. खरंच नव्हती. मिलमध्ये कम्प्युटरच नाही, तर माझ्या निळ्या चौकोनांत ती येणार कुठून? वहिनींनी पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली मुठीत धरली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गंमत अशी की त्या सॉफ्टवेअरमध्ये माणसांसाठी, कामांसाठी, मालासाठी आणि हेतूंसाठीही चिन्हं असतात. पिवळी, जांभळी, छान असतात. पण ऑफिसात आम्ही सगळे निळ्यावरच, म्हणजे कम्प्युटरच्या चिन्हांवरच, तुटून पडतो. आता ती उघडून पुन्हा काढायला वेळ नव्हता. काकांनी किल्लीसाठी हात पुढे केलाच होता.

हॉलच्या कोपऱ्यात तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेचे बैल उभे होते. स्पर्धा कंपनीच्याच आवारात व्हायची होती, म्हणून पोरांनी आपापले सजवलेले बैल आधीच आणून ठेवले होते. चाकांचे, झुलीचे, शिंगांना बेगड लावलेले. मी त्यातला एक उचलून मधोमध फरशीवर ठेवला.

"काका, एक मिनिट. हे जिनिंग."

"हे?" काका म्हणाले. "जिनिंगले एवढासा बैल? तो मोठा घे."

झालं. पुढची काही मिनिटं कुणाला कुणाचं ऐकू येईना. होऊ घातलेल्या गोदामाला झुलीचा बैल हवा, वडनेरकडच्या सभासदांना जोडी हवी, त्यांच्या टेम्पोला मोठ्या चाकांचा, महामार्गावरच्या गिऱ्हाईक ढाब्यांना घुंगरांचा. आणि आमची माणसं बैल हातात आल्यावर जे करतात तेच त्यांनी केलं: तोरणाखाली लावावेत तसे सगळे एका ओळीत, मानाप्रमाणे उभे केले. कापूस पुढे, ढाबे मागे. मी ओरडत होतो, "अहो, हा पोळा नाही, कारभार आहे!" आणि ओरडता ओरडता मला हसू फुटलं. ती उचकी तेव्हाची.

वहिनींनी उरलेला बैल घेतला. सगळ्यांत लहान, एक शिंग मोडलेला. पदराची गाठ सोडून त्यांनी मिलची किल्ली त्याच्या गळ्यात घंटेसारखी बांधली.

मग मी नियम सांगितला. ज्याच्याकडून ज्याला काही जातं, त्या दोन बैलांमध्ये दोरी बांधायची. दोऱ्या बैलांच्या होत्याच. वडनेरच्या संचालकांनी पहिली बांधली: आमची तूर मिलला. दुसरे म्हणाले, डाळ ढाब्यांना. तिसऱ्यांना एकदम आठवलं, "अन् चुनी? माह्या बैलाईले चुनी कुठून येते?" डाळीचा तो चुरा बहुतेकांची जनावरं खातात, तेव्हा प्रत्येकाने आपली दोरी बांधली. "आमचा टेम्पो चुनीसाठीच जामले जाते," कुणीतरी म्हणालं, "म्हून तं त्यातच कापूस टाकतो. नाई तं घरी येणाऱ्या व्यापाऱ्याले देऊन टाकला असता." मग मिलपासून टेम्पोला दोरी, टेम्पोपासून जिनिंगला, जिनिंगपासून गोदामाला. सगळे गुडघ्यांवर, सगळे एकदम बोलत होते, आणि मला माझं काम इतकं कधीच आवडलं नव्हतं.

काका तेवढे खुर्चीवर बसून होते.

"बरं," ते उठले. "खेळ झाला. आता मिल काढून पाहू."

त्यांनी वाकून शिंगमोड्याची दोरी धरली आणि ओढली.

तो निघाला, पण एकटा निघाला नाही. मागून वडनेरची जोडी निघाली, घुंगरं वाजवत ढाबे निघाले, टेम्पो निघाला, त्याच्यामागे जिनिंग आणि जिनिंगमागे गोदाम. चाकांचा असा खडखडाट झाला की बाहेरची पोरं आत धावली. काका दोन पावलं मागे सरले, तशी सगळी कंपनी त्यांच्यामागे आली. कुणीतरी ओरडलं, "काका, कंपनी कुठं घेऊन चालले?" आणि अख्खा हॉल हसत सुटला. मी तर भिंत धरली.

काका हसले नाहीत. हातातल्या दोरीकडे बघत उभे राहिले. पोरं "आमचे बैल, आमचे बैल" म्हणून गलका करत होती. तान्ह्या पोळ्याला पोरं बैल घेऊन दारोदार जातात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर काहीतरी ठेवतात, त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. काका खाली बसले, शिंगमोड्याच्या गळ्यातली किल्ली सोडली आणि वहिनींपुढे धरली.

"घ्या सूनबाई," ते म्हणाले, "तुमचा बोजारा."

वहिनींनी दोन्ही हातांनी किल्ली घेतली आणि आधी हसल्या, मग त्यांना रडू आलं. माझेही डोळे भरले. उचकीचं निमित्त बरं सापडलं. पदराला गाठ मारून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, आता तुमच्या त्या कम्प्युटरातबी टाकजा मिल," त्या म्हणाल्या. "शिंग मोडलेलंच काढजा."