पौर्णिमेनंतरची दुपार

बुकोव्यात कुणाला हरीण हवं असलं तर तो आधी बंदूक पुसत नाही, वेंडेलिनच्या दारात जातो. पोल्यानाच्या जंगलात चाळीस वर्षं वनरक्षक म्हणून तंगड्या तोडलेला हा म्हातारा चंद्राची वही ठेवतो. तारीख, चंद्र किती, वारा कुठून, हरणं कुठल्या कुरणात, किती वाजता. अशा अकरा वह्या स्वयंपाकघरातल्या कपाटात पिठाच्या डब्याशेजारी रचलेल्या आहेत. त्याची बायको ओतीलिया येईल त्याला ऐकवते, "पीठ संपतं, ह्या मेल्या संपत नाहीत."

वह्यांमधलं सगळं गावाला तोंडपाठ आहे. अमावास्येच्या आसपास हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. चंद्र भरत आला की ती रात्रभर चरतात, उजाडायच्या आत झाडीत जाऊन बसतात, आणि मचाणावर कुडकुडणारा शिकारी हात हलवत घरी येतो. पण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, माणसं जेवायला बसलेली असताना, ते जनावर अंग मोडायला उठतंच. कितीही लपलेलं असो, त्या दुपारी ते उघड्यावर येतं.

नवा वनाधिकारी रादोव्हान ह्यावर हसायचा. "काका, मी नऊ हरणांच्या गळ्यात पट्टे बांधलेत. कुठं जातात, कधी जातात, सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. चंद्रानं फारसा फरक पडत नाही."

"माझ्या गळ्यात पट्टा बांधलास तर माझंही चालणं बदलेल रे," वेंडेलिन म्हणायचा. "गेल्या पौर्णिमेनंतर मी सांगितलेल्या कुरणात, मी सांगितलेल्या वेळी तुला नर मिळाला का नाही?"

"मिळाला."

"मग गप्प बस आणि ओत."

रादोव्हान आलुबुखाराची दारू ओतायचा आणि विषय तिथं मिटायचा. एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. वेंडेलिनच्या सांगण्यावरून सगळ्या गावाला हरणं मिळत होती, आणि खुद्द वेंडेलिनला पौर्णिमेनंतरच्या दुपारी एकोणीस वर्षांत एक शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं.

सातव्या वहीत एकोणीस वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरचं पान आहे. पूर्ण चंद्र, उत्तरेचा वारा. त्याखाली काही नाही.

त्या आठवड्यात रानडुकरांनी बटाट्याची शेतं उकरून टाकली होती. रात्री फक्त डुकरावर गोळी झाडायची परवानगी, तीही चांदणं स्वच्छ असेल तरच. हरणाला रात्री हात लावणं म्हणजे गुन्हा, आणि त्याहून जास्त, लाज. वेंडेलिन काळ्या डबक्याजवळच्या मचाणावर बसला. मध्यरात्रीनंतर चिखलात एक काळंभोर, जाड धूड आलं आणि मान खाली घालून उकरू लागलं. त्यानं गोळी झाडली. आवाजासरशी त्या धुडानं मान वर केली, आणि चांदण्यात शिंगं दिसली.

माजावर आलेला नर सप्टेंबरात चिखलात लोळतो आणि नाकापासून शेपटीपर्यंत डुकरासारखा काळा होतो. मान वर होईपर्यंत थांबा, हे वेंडेलिननंच गावातल्या प्रत्येक नव्या शिकाऱ्याला शिकवलं होतं. शिकवणाऱ्यानंच माती खाल्ली. नर झाडीत घुसला. ओंडक्याखाली सापडून अधू झालेला आपला डावा पाय ओढत वेंडेलिननं पहाटेपर्यंत शोध घेतला, तो सापडला नाही. मग तो घरी गेला आणि कुणाला काही न सांगता झोपला.

नर सापडला मेलिखारला. मेलिखार लाकूडतोड्या, शिकार मंडळाचा सभासद आणि वेंडेलिनचा लहानपणापासूनचा सोबती. आमच्याकडे पडलेल्या जनावराला उपाशी धाडत नाहीत. देवदाराची डहाळी मोडून तिचा अर्धा त्याच्या तोंडात देतात, तो शेवटचा घास. दुसऱ्या अर्ध्याला जखमेचं रक्त लावून तो मारणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि "शिकार लाभो" म्हणायचं. मारणारा तो टोपीच्या उजव्या बाजूला खोचतो. घास देण्याचा मान मारणाऱ्याचा, दुसऱ्याचा नाही. मेलिखार गुडघे टेकून त्या नराच्या तोंडात घास ठेवत असतानाच, रात्रीच्या गोळीचा माग काढत मंडळाचा अध्यक्ष ग्रेगुश दोन माणसं घेऊन तिथं पोचला.

बैठकीत ग्रेगुशनं विचारलं, "तू मारला नाहीस, तर घास का दिलास?"

"त्याचं तोंड रिकामं होतं म्हणून."

"दुसऱ्याच्या शिकारीला घास देतं का रे कुणी? दुसऱ्याच्या पोराचं बारसं केल्यासारखं झालं हे!" सगळे हसले. "आणि टोपीचा अर्धा कुठाय?"

"ज्याचा आहे त्याला मिळेल."

"ऐका! लपवूनसुद्धा ठेवलाय." ग्रेगुश वेंडेलिनकडे वळला. "तू सांग बाबा, चंद्राचं तुला कळतं. पौर्णिमेच्या रात्री नर काळ्या डबक्यावर येईल?"

"येईल," वेंडेलिन म्हणाला. "पौर्णिमेला ती रात्रीच चरतात."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानंतर तो मूग गिळून बसला. पेन्शनला तीन वर्षं होती, राहतं घर सरकारी होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. मेलिखारची बंदूक गेली, मंडळातलं नाव गेलं, आणि पोरंटोरं त्याला "चांदण्यातला मेलिखार" म्हणू लागली. बैठकीतून उठताना त्यानं वेंडेलिनकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या पौर्णिमेला वेंडेलिननं कोबीच्या आंबट सुपाचा चमचा तोंडात घातला आणि त्याला राळेची चव लागली. देवदाराची डहाळी चावल्यासारखी, कडवट, चिकट. त्यानं चमचा ठेवला.

"मीठ जास्त झालं का?" ओतीलियानं विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं केलंस?"

"दात दुखतोय."

त्यानं दात काढून घेतला. पुढच्या पौर्णिमेला चव परत आली. खाई त्याला खवखवे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पौर्णिमेनंतरच्या दुपारी तो काळ्या डबक्यावर जाऊन बसायचा. चढावरून खुरांचा आवाज यायचा, गवत वाकायचं, तोंडात राळ भरायची, आणि उघड्यावर काहीच यायचं नाही. एकदा तर मानेमागे, हातभर अंतरावर, कुणीतरी सावकाश चघळत असल्याचं त्यानं ऐकलं. जड जनावराचं, पाला दळणारं चघळणं. त्याला वळून बघायला फार वेळ लागला. मागं ओलं शेवाळ होतं आणि त्यावर एकही ठसा नव्हता. घरी येऊन त्यानं वहीत लिहिलं, "काही दिसलं नाही." हे वाक्य त्यानं सव्वादोनशेच्या वर वेळा लिहिलं आहे. एकदाही त्याची हिंमत झाली नाही की मेलिखारचं दार वाजवावं. ते दार त्याच्या घरापासून तीनशे पावलांवर होतं.

ह्या ऑक्टोबरात मेलिखार झोपेतच गेला. त्याची बायको हर्मिना मंडळाच्या खोलीत आली आणि उभ्यानंच बोलली. "परवा दुपारी बारा वाजता पुरायचंय. शिकाऱ्याला देता तसा त्याला शिंग वाजवून निरोप द्या. कबरीत डहाळ्या टाका. दुसरं काही मागत नाही."

ग्रेगुश आता दम लागून बोलतो. "हर्मिना, काढून टाकलेल्या माणसाला शिंग नाही. नियम तो नियम."

शिंग वाजवणारा रादोव्हान होता. तो वेंडेलिनकडे वळला. "काका, तुम्ही बोला ना. तुमचा मित्र होता."

वेंडेलिननं तोंड उघडलं. राळ घशापर्यंत चढली आणि शब्द तिच्यातच अडकला. हर्मिनानं रुमाल डोक्यावर ओढला. "तो म्हणायचा, मागू नकोस. मीच मूर्ख," म्हणाली आणि गेली.

घरी आल्यावर ओतीलियानं सातवी वही काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली, त्या पानावर उघडून.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"एवढ्या वर्षांत एकच पान अर्धं सोडलंस. मी पिठाचा डबा रोज काढते, वेंडेलिन."

"मग बोलली का नाहीस?"

ती हातातला कपडा पिळत राहिली. "माझंही घर तेच होतं ना," ती म्हणाली आणि रडू लागली.

दफनाच्या आदल्या रात्री पौर्णिमा होती. दुपारी कबरस्तानात ऊन लख्ख पडलं होतं. अर्धं गाव आलं होतं आणि शिकारी भिंतीजवळ, रिकाम्या हातांनी, पाहुण्यासारखे उभे होते. पाद्र्याचं संपलं तसा वेंडेलिन पाय ओढत खड्ड्यापाशी गेला. त्याच्या हातात देवदाराची ताजी डहाळी होती.

"काळ्या डबक्यावरचा नर मी मारला," तो म्हणाला. आवाज चिरकला म्हणून त्यानं परत सांगितलं. "रात्री. डुक्कर समजून. मेलिखारनं फक्त घास दिला."

"काय बोलतोयस तू?" ग्रेगुश म्हणाला.

"एकोणीस वर्षांपूर्वी बोलायचं होतं ते."

त्यानं डहाळी खाली टाकली. ती पेटीवर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रादोव्हाननं कुणाला न विचारता शिंग तोंडाला लावलं. ग्रेगुश धापा टाकत भिंतीलगतच्या देवदाराकडे गेला आणि त्यानं फांदी खाली ओढली. बाकीचे त्याच्यामागून गेले.

डहाळ्या पडून झाल्यावर हर्मिना वेंडेलिनसमोर आली. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आवाज कोरडा होता.

"दर पौर्णिमेनंतरच्या दुपारी तो दाराबाहेर बाकावर बसायचा. मी म्हणायची, आत ये, सूप निवतंय. तो म्हणायचा, थांब जरा, आज वेंडेलिन येईल."

"त्याला ठाऊक होतं?"

"दवात एक पाय ओढत गेलेली वाट त्यानं त्या सकाळीच ओळखली होती. बाकीचे येईपर्यंत दव वाळलं."

"मग त्यानं नाव का नाही घेतलं?"

"शिकार ज्याची, त्यानंच सांगायची, म्हणायचा."

तिनं प्रार्थनेच्या पुस्तकातून कागदाची घडी काढली. आत बोटभर काटकी होती. पानं कधीच गळून गेलेली, एका टोकाला काळा डाग. रीतीप्रमाणे तिनं ती दोन्ही हातांनी पुढं केली.

"शिकार लाभो," हर्मिना म्हणाली.

वेंडेलिननं टोपी काढली, ती काटकी उजव्या बाजूला खोचली, आणि सगळ्या गावादेखत टोपी पुन्हा डोक्यावर घातली.