तांबवेकर साहेब पुण्याला गेलेत

चंद्रशेखर तांबवेकरांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही, असं ते स्वतःच सांगत. लीलावतींना ते पटायचं. चूक व्हायला माणसाला आधी काहीतरी करावं लागतं.

मूळचे सांगलीचे हे गृहस्थ लखनौला मानक नगरच्या सरकारी कॉलनीत तीस वर्षं राहिले. समोर आलेल्या प्रत्येक फायलीवर त्यांनी ‘चर्चा करावी’ एवढंच लिहिलं आणि ती पुढच्या टेबलावर सरकवली. ताकाला तूर लागू दिली नाही. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, ‘निष्कलंक कारकीर्द’ म्हणून शाल मिळाली. लीलावतींनी ती शाल कपाटाच्या तळाशी टाकली.

लग्नानंतर सहाव्या वर्षी लीलावतींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा साहेब म्हणाले, “जरा सांगलीला फोन करून हिच्या भावाला विचारतो.” फोन लागेना. शेवटी कळवळत पडलेल्या लीलावतींनीच सही केली. नवऱ्याची किंमत त्यांना त्या स्ट्रेचरवर कळली, आणि पुढे कधी ती बदलावीशी वाटली नाही.

निवृत्तीनंतर दोघं विकास नगरात राहायला आली. साहेबांनी जुनी गाडी मराठी मंडळातल्या ओळखीच्या सत्यजित नावाच्या पोराला विकली. आरटीओत नाव बदलायचे फॉर्म पोराने दोनदा घरी आणून दिले.

“बघू. घाई काय आहे?” साहेब म्हणाले. पोरगा गेल्यावर लीलावतींना समजावू लागले, “अशा कागदावर सही केली की माणूस अडकतो. तुला नाही कळायचं.”

फॉर्म टीव्हीखालच्या खणात पडून राहिले. गाडी सत्यजित चालवत होता, कागदावर मालक तांबवेकर. विम्याची मुदत संपली. सत्यजितला वाटलं साहेब भरतील, साहेबांना वाटलं आता आपला काय संबंध.

दोन वर्षांनी भर दुपारी सत्यजितने त्याच गाडीने बाजाराच्या वळणावर गजेंद्रचा भाजीचा ठेला उडवला. गजेंद्र लीलावतींचा रोजचा भाजीवाला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला तो एकट्या सत्यजितवर. सत्यजित बेकार, विमा संपलेला, म्हणजे दावा जिंकूनही हाती धुपाटणंच. मग गजेंद्रच्या वकिलाने आरटीओची नोंद काढली आणि गाडीच्या कागदोपत्री मालकालाही प्रतिवादी करा, असा अर्ज दिला. कोर्टाने तो मान्य केला.

मंडळात हळहळ झाली. आपल्या माणसाला उगाच गोवलं, असं सगळे म्हणाले. साहेबांनी वकील गाठला नाही, की गजेंद्रला जाऊन भेटले नाहीत. त्यांनी एकच केलं. “कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला तर सांग, पुण्याला गेलेत,” असं बायकोला बजावलं.

आणि लीलावतींनी ते सांगितलं. एकदा नव्हे, दोनदा. आतल्या खोलीत साहेब श्वास रोखून उभे आणि दारात ही बाई कोर्टाच्या शिपायाला सांगतेय, “साहब पुणे गए हैं।” दुसऱ्यांदा सांगताना त्यांना नवऱ्याइतकीच स्वतःचीही किळस आली.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या बाजारात गेल्या. गजेंद्र स्टुलावर बसून भाजी तोलत होता, पिशव्या त्याची बायको भरत होती. कुबड्या ठेल्याला टेकवलेल्या. लीलावती मान खाली घालून पुढे निघाल्या, पण त्यानेच हाक मारली.

“आंटी जी, साहब पुणे से कब लौटेंगे?”

लीलावतींनी पिशवी पुढे करून पाव किलो भेंडी मागितली.

“वकील साहब कहते हैं, उन्हें काग़ज़ मिले बिना केस आगे नहीं बढ़ेगा। घर में सब ठीक तो है न? इतने दिन हो गए।”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरीच काळजी होती. त्याने पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्तीची टाकली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर लीलावतींना बरं वाटलं असतं.

मंगळवारी शिपाई तिसऱ्यांदा आला. बेल वाजताच साहेब पेपर टाकून न्हाणीघरात शिरले. आतून कडी लावल्याचा आवाज आला. शिपायालाही तो ऐकू गेला असावा, पण त्याने सवयीने विचारलं, “साहब लौटे?”

“गए ही नहीं थे,” लीलावती म्हणाल्या. “मैंने दो बार झूठ बोला। बैठिए, बुलाती हूँ।”

त्या न्हाणीघराच्या दारापाशी गेल्या. आतून कुजबुज आली, “लीला, अगं, वेड लागलंय का? नाही म्हणून सांग ना. तुझं काय जातं?”

“तो एका पायावर कोर्टात जातो,” लीलावती म्हणाल्या, शिपायाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “तुम्ही दोन पायांवर दारापर्यंत या.”

शिपायाने खुर्ची ओढली, पिशवीतून कागद काढून मांडीवर ठेवला. लीलावती तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, कडी निघेपर्यंत हलायचं नाही असं ठरवून.