सत्काराचा नारळ

आमच्या आंजीत त्या कंपनीचा फोन पहिल्यांदा आणला मीच, आणि मिरवलाही मीच. मागचं झाकण नखानं उघडायचं. बॅटरी काढायची, पर्समधली दुसरी बसवायची. दिवसभर वीज नसली तरी आपलं काही अडत नाही. मातीत पडला तर उघडा, पुसा, लावा. इतकी साधी गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती. मी शिकवायची त्या शाळेत त्या कंपनीला कुणी नावं ठेवली की मी भांडायला उठायची.

शेजारीण कापूस वेचायला जाते. तिची लेक लग्न होऊन पुलगावला गेली, तेव्हा लेकीशी बोलायला शेजारणीला फोन घ्यायचा होता. कोणता घेऊ, विचारायला ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "डोळे मिटून त्याच कंपनीचा घे." नवं मॉडेल मी हातात धरूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी कंपनीनं एक अपडेट धाडलं. त्या दिवसापासून तिचा फोन तापायला लागला, दुपारपर्यंत बंद पडायला लागला. मीच तिला वर्ध्याच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. बॅटरी आत चिकटवलेली, झाकण उघडायची सोयच नाही. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "मॅडम, जुनं मॉडेल आहे. नवीन घेऊन टाका."

त्याच आठवड्यात तिची लेक बाळंत झाली. जावई फोन लावत राहिला, लागला नाही. नातू झाल्याचं हिला संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर दुसऱ्याच बाईकडून कळलं. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुमाले काय मालूम होतं?" गावात कुणी काही घ्यायच्या आधी मला विचारतं, ही माझी आयुष्याची कमाई. ती तिनं एका 'जाऊ द्या'त मोडीत काढली! मला रात्रंदिवस तेच डाचत होतं.

आणि नेमकं तेव्हाच त्या कंपनीच्या नव्या शोरूमचं बोलावणं आलं. जुन्या ग्राहकांचा सत्कार, शाल आणि श्रीफळ. मी गेले. शेजारणीलाही नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

मॅनेजरनं नारळ टेबलावर ठेवला, शाल उलगडली आणि माईक माझ्या हातात दिला. "मॅडम, आमच्याबद्दल दोन शब्द."

मी म्हटलं, "त्या समोर बसल्या आहेत ना, त्यांना हा फोन मी घ्यायला लावला. ती माझी चूक, मी चारचौघांत कबूल करते. तुम्ही तुमची कधी करणार?"

माईक बंद झाला. बंद करणाऱ्याला माहीत नव्हतं, की एका खोलीत दोन वर्ग बसवून मी तीस वर्षं शिकवलं आहे. मी आवाज चढवला. "आधी तुम्ही आमचं काय अडतं ते बघायचे. आता आम्ही नवीन कधी घेतो तेवढंच बघता. ही शाल मला नको."

मॅनेजर "शुभ कार्यक्रम आहे मॅडम, शुभ कार्यक्रम आहे" म्हणत राहिला. मी खाली उतरले. मला एका शब्दाचाही पस्तावा नव्हता, आजही नाही.

बाहेर येऊन बघते तर शेजारणीच्या पदराखाली सत्काराचा नारळ. मी डोळे वटारले.

"काऊन? शाल नाई घेतली तुमी. नारळानं कोनाचं घोडं मारलं?"

घरी येऊन तिनं तो ओट्यावर फोडला. एक कवड माझ्या हातावर ठेवली आणि खोबरं चावत म्हणाली, "बाई, आता कोनता घेऊ?"

हे मला पुन्हा कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

"या खेपेले मी संग येतो," मी म्हटलं. "आधी झाकण उघडून दाखवा म्हनू. नाई उघडलं, त उठून येऊ."