अक्कांचा अंगठा आणि इंग्रजीचा पेपर

इंग्रजीचा पेपर रद्द करा, असं पत्रक मी लिहिलं होतं. छापायला देण्याआधी अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या अक्कांची सही हवी होती. अक्का सकाळी टॉवेलच्या कारखान्यात तपासणी आणि घडी करायच्या, दुपारी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. घरी तेलुगू, शाळा मराठी, इंग्रजी स्वतःच्या हिमतीवर. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची परीक्षा. आधी दोनदा इंग्रजीनंच पाडलेलं. हा अन्याय नाही तर काय आहे?

"सही करते की," अक्का म्हणाल्या. "पण पेपर रविवारी हाय. तोवर रद्द होतोय व्हय तुझ्या पत्रकानं?"

मी पत्रक वहीखाली सरकवलं.

त्यांनी सराव प्रश्न पुढं ओढला. वाक्यात तीन कामं ओळीनं: रीडिंग, रायटिंग अँड टू रन. चूक शोधा. मी नियम आठवत बसले. अक्कांनी तिन्ही तुकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्यावरून अंगठा फिरवला. 'टू रन'पाशी तो थांबला. कारखान्यात टॉवेलची थप्पी त्या अशीच तपासतात. एखादी किनार बाहेर आली की मान वर न करता तो टॉवेल ओढून काढतात.

"नियम लई पाठ केले, डोक्यात राहीनात. मग म्हटलं, हाताला विचारावं."

मी एक प्रश्न वाचेपर्यंत त्यांचे तीन होत होते. एकही चुकला नाही. मी मागची उत्तरं काढून पडताळत होते.

"आण तुझं पत्रक."

पेपर रद्द करा, वयोमर्यादा वाढवा, मोफत वर्ग सुरू करा, आणि गरिबांवरचा घोर अन्याय. अंगठा चौथ्या मागणीवर अडला. माझी सगळ्यात लाडकी ओळ.

"ह्याचं साहेबानं काय करायचं? वर तीन कामं सांगितलीस. हितं नुसती रडलीस."

कॉलेजपासून पत्रकं लिहितेय, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. ती ओळ काढली आणि पत्रक छापलंच. पहिली सही अक्कांची.

निकालाच्या दिवशी मी मोबाइल घेऊन कारखान्यात धावले. इंग्रजी निघालं होतं, यादीत नाव होतं.

"थांब जरा," म्हणाल्या. हातातली घडी पुरी केली, ती थप्पीवर ठेवली, कडेवरून अंगठा फिरवला. मग पदराला हात पुसून मोबाइल घेतला आणि त्या यादीवरूनही तोच अंगठा हळूहळू खाली नेत राहिल्या.