तानाबाईची खाज

दस्तगीर आत्तार पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो आमच्या तानाबाईशी बोलताना. तिला तो म्हणाला, "सांगू नका आक्का. खाजवून दाखवा."

साल एक्क्याऐंशी. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात, कातडीच्या डॉक्टरांच्या दारापाशी बसून तो केसपेपर लिहायचा. तानाबाई आमच्या विद्यार्थी बोर्डिंगची स्वयंपाकीण; मी तिथला हिशेब लिहायचो. तिथल्या मुलांना खरूज झाली आणि त्याच दिवसांत तीही हात खाजवताना दिसली. आधीच्या दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'खाज' लिहिलं होतं. रेक्टर पिराजीरावांनी ती खरूजच धरली आणि तिला कामावरून काढायचं ठरवलं. त्या विधवा बाईचं घर याच पगारावर चालायचं. नेमकं निदान लिहून आणलं तर विचार करू, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं आणि तिला इथं घेऊन आलो होतो.

तानाबाई वैतागली. "खाज हाय म्हून सांगितलं की. माझीच हाय, सासूची न्हाय. लिव आन् मोकळं कर."

दस्तगीर हसला. "आक्का, खाज म्हंजे दारावरची थाप. भाईर कोण हाय ते बघाय नको व्हय?"

तिचा हात आधी कुठं जातो, हे तो बघत राहिला. खरूज आधी धरते त्या बोटांच्या बेचक्यांत तो गेलाच नाही; मनगटावर आणि पंज्याच्या पाठीवर फिरला. तसं त्याने लिहिलं. रात्री वाढते का, घरात आणखी कुणाला आहे का, एकेक विचारून लिहीत गेला. मागची माणसं कुरकुरत होती, पण त्याचा आवाज चढला नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत खाज होती का, ते विचारलं.

तानाबाईने हात उलटेपालटे करून पाहिले. "तवा न्हवती की," ती हळू म्हणाली. "नेसरीला म्हायेरी गेलते. हात लोण्यावानी झालते."

बोर्डिंगवर हातांना काय काय लागतं, हा त्याचा पुढचा प्रश्न. तेव्हा कळलं, मोठी पातेली ती धुण्याच्या सोड्याने घासायची.

एका शब्दातून या माणसाने बाईचं काम, घर, झोप, माहेर सगळं समोर आणलं होतं. मी थक्क होऊन बघत होतो.

डॉक्टरांनी कागद शेवटपर्यंत वाचला, भिंग लावून तिची बोटं निरखली आणि निदान सांगितलं. दस्तगीरने लिहिलं: सोड्यामुळे हातांचा त्वचादाह, खरूज नाही. समासात रोगांच्या यादीतला आकडा घातला, ६९२. खरजेचा १३३. आकडा चुकला तर वर्षाच्या मोजणीत ही बाई खरजेत जाईल, असं म्हणून त्याने तो पुन्हा ताडून पाहिला.

पिराजीरावांनी कागद दोनदा वाचला. "मग भाकरीला लागा," म्हणाले. पातेली घासायला दुसरा माणूस लावला. तानाबाई म्हातारी होईपर्यंत त्याच चुलीपाशी राहिली.

दस्तगीर आता मलकापूरला लेकीकडे असतो. मोतीबिंदू काढल्यापासून त्याला बारीक अक्षर पुन्हा वाचता येतं.