दाजी खोलीबाहेर

आमच्या दाजींना लहान मुलांचे फोटो काढायची भारी हौस, आणि लहान मुलांना दाजींकडे बघून रडायची. गेली कित्येक वर्षं दोन्ही बाजू आपापलं काम चोख करत आल्या आहेत. मी ताईचा धाकटा भाऊ, दाजींच्या स्टुडिओत काउंटरवर बसतो. आतून किंकाळी आली की बाकावरच्या गिऱ्हाइकाला सांगतो, "बसा, झालंच आता."

दाजींच्या आवाजामुळे गल्ली त्यांना भोंगा म्हणते. मनाने माणूस लोणी, पण ते लोणी बाळाला कळायच्या आत भोंगा वाजतो. "ए शोन्या! हस! हनुवटी खाली! हनुवटी!" त्या एवढ्याशा जिवाला आपल्याला हनुवटी आहे हेच माहीत नसतं. वर त्या मिशा. भरीला हातात खुळखुळा, तोही दंगल पांगवायला निघाल्यासारखा उगारलेला. पासपोर्टच्या फोटोत मात्र दाजींचा हात धरणारा कोणी नाही, कारण तिथे हसायला मनाईच असते.

तर अशा माणसाला नात झाली. दाजींनी काय केलं, तर दुकानाच्या काचेत मधोमध एक मोठी रिकामी फ्रेम टांगली. "इथे माझी नात हसणार!" असं जाहीर केलं, आणि दाजींनी जाहीर केलं म्हणजे ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचलंच.

माझी भाची बाळाला घेऊन माहेरी आली. भिंतीवर तिचे स्वतःचे लहानपणीचे फोटो लावलेले आहेत. प्रत्येकात ती भोकाड पसरून बसलेली. ते सगळे तिने निवांत बघितले आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यासमोर हिला एकदाच बसवीन. रडली, तर फोटो समोरच्याकडे काढणार."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा नवा फोटोवाला. कुजबुजत बोलतो, म्हणून दाजी त्याला मांजर म्हणतात. मांजराच्या काचेत ओळीने बाळं हसतात.

दाजी हबकले. पण दोष स्वतःकडे घेतील तर ते दाजी कसले? "कॅमेरा म्हातारा झालाय," ते जेवताना म्हणाले. "बाळ हसतं गं, पण याचा फोकस लागेपर्यंत हसू मावळतं. कॅमेऱ्याची नवी बॉडी घ्यायलाच हवी."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ताई म्हणाली. "ते लांबून फोटो काढायचं रिमोटचं सामान मिळतं ना, ते घ्या. कॅमेरा आत, तुम्ही बाहेर."

"म्हणजे माझ्याच स्टुडिओत मी बाहेर?"

"दार लावून."

दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती. दाजींच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की दुसऱ्या दिवशी ते ओळखीच्या कॅमेरेवाल्याकडून नवी बॉडी वापरून बघायला घेऊनच आले. बॉडी खरोखर देखणी होती. शेजारच्या शिंप्याचं बाळ तिच्यासमोर बसवलं. भोंगा वाजला, बाळाने टाहो फोडला, आणि फोटो असा काही आला की विचारू नका. जुन्या कॅमेऱ्यात नुसतं रडणं दिसायचं. यात पापणीवर अडकलेला थेंब दिसला, नाकाखालचा शेंबूड दिसला, आणि बाळाच्या ओल्या बुबुळात, अगदी लख्ख, खुळखुळा उगारून उभे असलेले दाजी दिसले.

तो फोटो मोठा करून दाजी कितीतरी वेळ बघत बसले. "फोकस मात्र झकास आहे, दाजी," मी म्हणालो. त्यांनी खुळखुळा उचलून खणात टाकला. आणखी थट्टा करायला हा चांगला मोका होता, पण मला वाईट वाटलं. संध्याकाळी ते बॉडी परत देऊन आले आणि येताना पिशवीत रिमोटचं सामान आणलं.

जुन्या कॅमेऱ्यावर बसवायची एक डबी, हातात धरायचं एक बटण, आणि कॅमेऱ्याला जे दिसतं ते मोबाईलवर दाखवायची सोय. कॅमेरा स्टँडवर लावला. नात गादीवर, तिच्याजवळ भाची. दाजी मागच्या खोलीत, गुंडाळलेल्या पडद्यांमध्ये. त्यांच्यावर पहारा करायला मी. "तोंड उघडलं तर बिनधास्त दाब," असा ताईचा हुकूम होता.

"हनु..." दाजींनी सुरुवात केलीच. मी तोंडावर हात ठेवला. मिशा टोचल्या, पण हात काढला नाही.

मोबाईलवर दिसत होतं. नात दाराकडे बघून थबकली. मग भाचीने तिचं टोपडं काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. टोपडं घसरून पडलं, आणि नात हसली. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. आता ती खिदळायलाच लागली, पाय झाडत, बोळकं उघडून. दाजींचं नाक मोबाईलला टेकायचं बाकी होतं. माझा हात ओला झाला म्हणून बघितलं, तर मिशांमधून पाणी वाहत होतं. कॅमेऱ्यासमोर हसणारं बाळ या माणसाने जन्मात बघितलं नव्हतं. स्वतःची मुलगीसुद्धा नाही.

थोड्या वेळाने नात टोपड्याला कंटाळली. ताईने दार उघडलं. "आला का फोटो?"

दाजींनी हातातल्या बटणाकडे बघितलं.

"दाबायचं राहिलं," ते म्हणाले.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. भाची बाळाला कडेवर घेऊन उभी होती. मला वाटलं, निघाली आता मांजराकडे. तिने बापाच्या भिजलेल्या मिशांकडे बघितलं, त्यांच्या हातातलं बटण काढून घेतलं आणि म्हणाली, "गादीवर बसा. हिला मांडीवर घ्या."

"रडेल गं."

"रडू दे."

दाजींनी नातीला मांडीवर घेतलं. तिने मान वर करून मिशा बघितल्या आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे भोकाड पसरलं. दाजींना हसू फुटलं. आधी दबकत, मग चांगलं भोंग्यासकट. भाचीने बटण दाबलं.

काचेतल्या फ्रेममध्ये आता तो फोटो आहे. येणारा-जाणारा थांबून विचारतो, "अहो, इथे नात हसणार होती ना?"

"तिचं हसू मी बघितलंय!" दाजी आतून ओरडतात. "तुम्ही माझं बघा!"